नावाचे घ्यावे की भावाचे?

कॅमेरा हा नव्या जावयासारखा असतो. तो घरात एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग त्याचे मानपान येतात. आधी त्याला पिशवी लागते. मग लेन्सला नवे झाकण लागते, कारण जुने माथेरानच्या एखाद्या पॉइंटवरून दरीत गेलेले असते. मग ऊन अडवायला हूड, काच जपायला फिल्टर, फुलाजवळ जायला ट्यूब, आणि हात कापू नये म्हणून ट्रायपॉड. वर्षअखेरीस कोणी वहीत हिशेब मांडलाच, तर चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागलेला दिसतो.

हल्ली प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर फोटो निघतात हे खरे. तरीही घरात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी निघतेच की, तिला ‘खरा’ कॅमेरा हवा असतो. दिवाळीच्या बोनसमधून तो येतो आणि मग आईवडिलांना दुकानदाराच्या काउंटरपुढे उभे राहावे लागते. मुंबईतल्या फोर्टमधील बोरा बाजार किंवा दिल्लीच्या चांदनी चौकातील कुचा चौधरी ही कॅमेऱ्याच्या मालाची नावाजलेली ठिकाणे. तिथला दुकानदार काचेवर दोन डब्या ठेवतो. एकीवर कॅमेरा कंपनीचे नाव असते. दुसरीवर कुठलेसे अनोळखी नाव. आतली वस्तू दिसायला अगदी जुळी. किंमत मात्र एकीची दुसरीच्या चौपट. “फरक काय?” असे विचारावे, तर तो हसून म्हणतो, “साहेब, नावाचा.”

हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असलेले उत्तर पुऱ्या खोट्यापेक्षा अधिक महागात पडते. कारण काही वस्तूंत फरक खरोखरच फक्त नावाचा असतो. काही वस्तूंत तो इतका मोठा असतो की, हजाराची बचत करणाऱ्याचे वीस हजार जातात. कोणती वस्तू कोणत्या रांगेतली, हे ओळखावयाचे कसे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

मालाच्या तीन जाती

आपण बोलताना ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ असे दोनच शब्द वापरतो. बाजारात माल मात्र तीन जातींचा असतो. पहिला, कॅमेरा कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला. दुसरा, तिऱ्हाईत कंपनीने उघडपणे आपल्या स्वतःच्या नावाने विकलेला. आणि तिसरा, कोणीतरी बनवून त्यावर मोठ्या कंपनीचे नाव छापलेला. दुसऱ्या जातीचा माल हा प्रामाणिक धंदा आहे. तो चांगला असेल वा वाईट असेल. तिसरा हा सरळ सरळ फसवणुकीचा प्रकार आहे, आणि १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. या दोहोंना एकाच ‘डुप्लिकेट’ शब्दाच्या गाठोड्यात बांधल्यामुळे प्रामाणिक तिऱ्हाईत उगाच बदनाम होतो, आणि लबाडाचे मात्र फावते.

तिऱ्हाईताला कमी लेखू नये, याला इतिहासाचाही पाठिंबा आहे. आज ज्या कॅनन कंपनीचे नाव घरोघर ठाऊक आहे, तिचा १९३६ साली बाजारात आलेला पहिला कॅमेरा ‘हंसा कॅनन’ या नावाचा होता. त्यावरची लेन्स कॅननची नव्हती. ती निप्पॉन कोगाकू या कंपनीची निक्कॉर लेन्स होती, आणि निप्पॉन कोगाकू म्हणजेच आजची निकॉन! ज्या दोन नावांचे भक्त आज एकमेकांशी हुज्जत घालतात, त्यांतल्या एकाचा पाळणा दुसऱ्याने हलवला होता. ‘हंसा’ हे नावही कॅननचे नव्हे. फोटोग्राफीचे सामान विकणाऱ्या ओमिया या व्यापारी पेढीचे ते चिन्ह होते. पुढे १९५० साली टॅमरॉन आणि १९६१ साली सिग्मा याही जपानी कंपन्या निघाल्या. दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांना बसतील अशा वस्तू बनवतच त्या मोठ्या झाल्या. सिग्माची तर पहिली वस्तूच लेन्सच्या मागे बसणारा एक कन्व्हर्टर होता. आज या दोघींच्या लेन्स धंदेवाईक फोटोग्राफरही बिनदिक्कत वापरतात. तेव्हा ‘बाहेरचा तो वाईट’ हा नियम टिकत नाही.

‘स्वस्त ते मस्त’ हाही नियम टिकत नाही. मग टिकतो तो कोणता?

प्रकाश, वीज आणि वजन

तीसएक वर्षे हा छंद सांभाळून मी एक साधा ठोकताळा बांधला आहे. वस्तू हातात घ्यावी आणि तिला तीन प्रश्न विचारावेत. हिच्यातून प्रकाश जातो काय? हिच्यातून वीज जाते काय? हिच्यावर वजन लटकते काय? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर खुशाल स्वस्तातली घ्यावी. एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर हात आखडू नये. आता एकेक वस्तू या गाळणीतून काढून पाहू.

लेन्सचे झाकण घ्या. त्यातून प्रकाश जात नाही. उलट तो जाऊ नये म्हणूनच ते असते. ते योग्य मापाचे असावे आणि त्याची स्प्रिंग घट्ट असावी, एवढे पुरे. लेन्सच्या कडेवर ∅ या खुणेपुढे ४९, ५२, ५८, ६७ असा जो आकडा असतो, तोच फिल्टरच्या आट्यांचा मिलिमीटरमधला व्यास. तोच आकडा झाकणाला सांगावा. कंपनीच्या नावाची अक्षरे त्यावर कोरलेली नसली, तरी धूळ आत शिरत नाही.

हूडचे तसेच. चित्राच्या चौकटीबाहेरून येणारा तिरपा प्रकाश लेन्सच्या काचेवर पडला की, चित्र धुरकट होते आणि काळे रंग राखाडी दिसू लागतात. उन्हात आपण कपाळावर आडवा हात धरतो, तेच काम हूड करते. पडल्या-आदळल्याचा पहिला तडाखाही तेच खाते. कॅनन कंपनी आपल्या ‘एल’ जातीच्या उंची लेन्सबरोबर हूड देते. साध्या लेन्सबरोबर सहसा देत नाही. २०१५ साली निघालेल्या आणि अनेक घरांत असलेल्या ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम या लेन्सचेच पाहा. तिचा ईएस-६८ हा हूड वेगळा विकत घ्यावा लागतो. हा काय, प्लॅस्टिकचा एक गोल तुकडा! तिऱ्हाईत कंपनीचा तसाच हूड बिनधास्त घ्यावा.

मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. हूड त्याच लेन्सच्या मापाचा असावा. विशेषतः पाकळ्यांच्या आकाराचा हूड भलत्या लेन्सला लावला, तर चित्राचे कोपरे काळे पडतात. आणि त्याची आतली बाजू चकचकीत नसावी. ती चकाकत असेल, तर जो प्रकाश अडवायचा तोच ती आत ढकलते. पण यावरही घरगुती उपाय आहे. शिंप्याकडून काळ्या मखमलीची कातरण आणावी आणि आत नीट चिकटवावी. माझ्या एका स्वस्त हूडला गृहमंत्र्यांनी असे अस्तर लावून दिले आहे, आणि ते कंपनीच्या हूडपेक्षा काळेकुट्ट आहे.

फिल्टर: जिथे प्रकाशाचा प्रश्न येतो

आता फिल्टर. इथे आपला पहिला प्रश्न ‘होय’ म्हणून उभा राहतो. चांगल्या लेन्समधली प्रत्येक काच शास्त्रज्ञांनी हिशेबाने घासलेली असते. तिच्यापुढे आपण आणखी एक काच लावतो. ती काच कशी असावी याचा विचार मात्र पुष्कळदा होत नाही.

साध्या, लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग असतात, म्हणजे झाले सुमारे ८ टक्के. वाचक म्हणतील, आठ टक्के गेले तर गेले! पण दुःख प्रकाश गेल्याचे नाही, तो कुठे जातो याचे आहे. तो लेन्सच्या आत इकडून तिकडे आपटत राहतो आणि शेवटी चित्रावर येऊन बसतो. यासाठी काचेवर अतिशय पातळ लेप देतात. जुनी, वातावरणाने डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश सोडते, ही चमत्कारिक गोष्ट १८८६ साली लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली होती. पुढे १९३५ साली जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला याने काचेवर मुद्दाम तसा लेप चढवण्याची रीत काढली. आज चांगल्या फिल्टरवर असे अनेक थर असतात, आणि परत फिरणारा प्रकाश एक टक्क्याच्याही खाली येतो. फिल्टरला पैसे द्यावयाचे ते या लेपासाठी. कडीवरच्या नावासाठी नव्हे.

गंमत अशी की, फिल्टरच्या बाबतीत ‘मोठे नाव’ कॅमेरा कंपनीचे असतेच असे नाही. जपानची होया ही कंपनी १९४१ पासून मुळात काचेचाच धंदा करते. केन्को, जर्मनीची बी प्लस डब्ल्यू ही नावेही फिल्टरमुळेच प्रसिद्ध आहेत. म्हणजे इथे तिऱ्हाईत हाच खरा कसबी. पैसे त्याला द्यावेत.

काच चांगली की वाईट, हे दुकानातच पाहता येते. फिल्टर काळ्या कापडावर आडवा ठेवावा आणि त्यात दुकानातल्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. प्रतिबिंब पांढरेशुभ्र आणि आरशासारखे स्पष्ट दिसले, तर लेप नाही असे समजावे. ते मंद, हिरवट किंवा जांभळट दिसले, तर लेप आहे. मग तोच फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवावा. त्यातून कागद पिवळट दिसला, तर तो परत करावा.

लेन्सची काच जपण्यासाठी सदासर्वकाळ यूव्ही फिल्टर लावून ठेवावा काय, यावर छंदिष्टांत भाऊबंदकी आहे. फिल्मच्या काळात अतिनील किरणांमुळे दूरच्या डोंगरांवर निळसर धूसरपणा येई, म्हणून तो हवाच असे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत सेन्सरवरच तशी गाळणी असते. म्हणून आता हा फिल्टर म्हणजे केवळ पारदर्शक झाकण. समुद्रकाठी वाळू उडत असेल, होळीत रंग उडत असतील, तर तो जरूर लावावा. पण दिवाळीत मात्र काढावा! रात्रीच्या अंधारात पणत्यांची आरास किंवा आकाशकंदील टिपताना त्याचा उजेड सेन्सरवरून आणि लेन्सच्या काचांवरून उलटतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. मग चित्रात वर डावीकडे पणती असेल, तर खाली उजवीकडे तिचे भूत उमटते. फिल्टर जितका हलका, तितके भूत ठळक. हा खर्च न करता होणारा इलाज आहे: दोन बोटांनी फिल्टर फिरवून काढून ठेवणे.

ज्याला खरोखर पैसे द्यावेत असा एक फिल्टर म्हणजे पोलरायझर. पावसाळ्यानंतर सह्याद्रीत झाडांच्या ओल्या पानांवर जी पांढरी चकाकी असते, ती हा पुसून टाकतो आणि आतला हिरवा रंग वर आणतो. तळ्याच्या पाण्यावरची झिलई काढून तळाचे दगड दाखवतो. मागाहून संगणकावर कितीही खटपट केली तरी हे साधत नाही, कारण त्या चकाकीखालचा तपशील मुळात टिपलेलाच नसतो. तो अस्सल आहे की नाही हे पाहायला लॅपटॉपचा पडदा पुरतो. पडद्यासमोर फिल्टर धरून, लेन्सला बसणारी बाजू आपल्या डोळ्याकडे ठेवून तो फिरवावा. एका ठिकाणी पडदा अगदी काळा पडला पाहिजे. मग फिल्टर उलटा धरून फिरवावा. ‘सर्क्युलर’ जातीचा असेल, तर आता पडदा कुठेच पुरता काळा पडणार नाही. आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्याला हीच जात लागते. नाहीतर फोकस आणि प्रकाशाचे माप चुकू शकते.

इथेच काटकसरीची एक उत्तम युक्ती सांगतो. घरात ४९, ५८ आणि ६७ अशा तीन मापांच्या लेन्स असतील, तर तीन पोलरायझर घेऊ नयेत. सर्वांत मोठ्या मापाचा एकच, पण चांगला घ्यावा, आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा घ्याव्यात. या रिंगा म्हणजे नुसती धातूची कडी, मधे हवा. तिथे स्वस्त माल चालतो. रिंग लावल्यावर लेन्सचा नेहमीचा हूड बहुधा बसत नाही, तेवढे सोसावे. शक्य तर रिंग पितळेची पाहावी. अॅल्युमिनियमची कडी अॅल्युमिनियमच्या आट्यांत कधीकधी अशी रुतते की, निघता निघत नाही. तशी रुतलीच तर पकडीने आवळू नये. दाबल्याने कडी लंबगोल होऊन अधिकच अडकते. बरणीचे झाकण उघडताना गृहिणी लावतात तसे जाड रबरबँड भोवती लावून हलक्या हाताने फिरवावी.

वीज आणि वजन

फुलाचा परागकण किंवा मुंगीचे डोळे टिपायचे, तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब लावतात. ही आतून पोकळ असते. लेन्स पुढे सरकली की ती अधिक जवळचे पाहू शकते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची ट्यूब लावली, तर प्रतिमेचा आकार वस्तूच्या निम्म्याने वाढतो. काच नाही, मग स्वस्त चालेल? इथे दुसरा प्रश्न आडवा येतो. कॅननने १९८७ साली आणलेल्या ईएफ पद्धतीत लेन्सचे छिद्र लहानमोठे करण्याचा हुकूम कॅमेऱ्याकडून विजेच्या संपर्कबिंदूंतून जातो. अगदी स्वस्त ट्यूबमध्ये हे सोनेरी ठिपके नसतातच. परिणामी छिद्र सताड उघडे राहते, आणि मुंगीचा एक डोळा स्पष्ट आला तर दुसरा पुसट येतो. ठिपके असलेली ट्यूब घ्यावी. ती कॅमेरा कंपनीचीच हवी असे नाही.

आता वजन. जड टेलिफोटो लेन्स ट्रायपॉडवर बसवायची, तर तिच्या अंगाभोवती कॉलर नावाचे कडे आवळतात. काही मध्यम वजनाच्या लेन्सबरोबर कंपनी ते देत नाही. वेगळे विकते, आणि किंमत ऐकून माणूस खाली बसतो. माझी भाची लग्नाचे फोटो काढून कमावते. तिने तसे एक बिननावाचे कडे स्वस्तात घेतले. चार लग्ने ते टिकले. पाचव्या लग्नात सप्तपदीला वधूवर उठले, म्हणून तिने ट्रायपॉड जरा बाजूला उचलून ठेवला. आवळण्याच्या स्क्रूचे आटे झिजले होते. तो जागच्या जागी फिरला आणि कॅमेऱ्यासकट दीड किलोचा ऐवज फरशीवर आला. हातातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर तिने वेळ निभावून नेली, कारण सप्तपदी काही पुन्हा घालता येत नाही. पण लेन्सचा माउंट वाकला होता. दुरुस्तीत तीन लग्नांची कमाई गेली, आणि ऐन हंगामात महिनाभर लेन्स भाड्याने आणावी लागली. ती मला म्हणाली, “मामा, कड्यात किती रुपये वाचवले होते, तो आकडा मला अजून तोंडपाठ आहे.”

यावर ‘मग कंपनीचेच घ्यावे’ असा धडा कोणी काढील. मी तो काढत नाही. पुढे भाचीने जे कडे घेतले तेही तिऱ्हाईत कंपनीचेच आहे. पण त्यावर बनवणाराचे नाव आहे, ते भरीव धातूचे आहे, आणि घेण्यापूर्वी तिने दुकानात लेन्स लावून, उलटी धरून, स्क्रू दहा वेळा आवळून पाहिला. जो माल बनवणारा आपले नाव लावायला तयार नाही, त्याच्या मालावर आपण वजन टांगू नये, एवढाच याचा अर्थ.

पावती आणि पुडके

राहिला तिसऱ्या जातीचा, खोट्या नावाचा माल. तो ओळखायला पुडके नीट वाचावे. आयात केलेल्या बंद पुडक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे, असा २०११ च्या वैधानिक मापन नियमांचा दंडक आहे. ते नसेल, अक्षरे वेडीवाकडी असतील, आणि मोठ्या नावाची वस्तू तिऱ्हाईताच्या भावात मिळत असेल, तर ते भाग्य नव्हे. पावती अवश्य मागावी. “पावती हवी तर भाव वेगळा” असे उत्तर आले, की वस्तूविषयी जे कळायचे ते कळले.

यंदा खरेदीला निघणाऱ्या कुटुंबाने असा क्रम ठेवावा. झाकण, हूड आणि स्टेप-अप रिंगा तिऱ्हाईताकडून, स्वस्तात. त्यात वाचलेल्या पैशांतून सर्वांत मोठ्या मापाचा एक लेप दिलेला पोलरायझर. ट्यूब हवीच असेल, तर ठिपक्यांची. कॉलर लागेल तेव्हाच, आणि दुकानात लेन्स नेऊन, लावून पाहून. काळ्या कापडाचा एक वीतभर तुकडा घरून खिशात घालून न्यावा. दुकानदारापुढे तो काढला की, बहुधा चांगला फिल्टर आपण होऊन मागच्या कपाटातून बाहेर येतो.